ओढ्याअलीकडची फुलपाखरं

१५ सप्टेंबर १९७४, रविवार
निश्चय झाला. आमच्या औंढा गावच्या माळावरच्या फुलपाखरांचा सर्व्हे. हायस्कुलात सायन्स शिकवतो. मी नाही करणार तर कोण? दिवाळीपर्यंत रिपोर्ट तयार. चित्रं अनुसूयेने रंगवायची. श्रावणात आमचं बाळ गेल्यापासून बायको नुसती बसून असते. तिलाही विरंगुळा. माझं काय, मी सावरलोच आहे.

१७ सप्टेंबर
जाळ्याला कापड मिळेना. बाळाची मच्छरदाणी खुंटीला नुसतीच लटकत होती, ती कापली. जाळं फर्स्ट क्लास. अनुसूया जेवली नाही. पित्त असावं.

२२ सप्टेंबर, रविवार
माळ पालथा घातला. एकच पांढरं सापडलं, तेही पकडताना फाटलं. अनुसूया म्हणाली, ओढ्यापलीकडे चला. तिथे बाळाला पुरलंय, आपण एकदाही गेलो नाही. म्हटलं, सर्व्हेत भावना आणायच्या नसतात. शिवाय ओढ्याला पाणी असेल.

२९ सप्टेंबर
शेजारचा ग्यानबा म्हणतो, मास्तर, घोटाभर पानी हाय, काहून भिऊन राहिले? मी भीत नाही. पुरायच्या दिवशी पायात गोळा आला, म्हणून बाळाला त्याच्या हाती देऊन अलीकडे थांबलो, एवढंच. त्यावरून याने भलतंच ठरवलंय. रिपोर्टात लिहून टाकलं: ओढ्यापलीकडे फुलपाखरं नाहीत.

२ ऑक्टोबर, सुट्टी
अनुसूया ग्यानबाच्या बायकोला घेऊन पलीकडे जाऊन आली. म्हणाली, तरवडाच्या झुडपांवर पिवळी फुलपाखरं खूप आहेत. फुलपाखरांची जात टिपलेली नाही. असलं निरीक्षण ग्राह्य धरता येत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
मेहुणे राधाकृष्ण कळमनुरीहून आले आणि एसटीने तिला माहेरी घेऊन गेले. जाताना म्हणाली, बाळाजवळ जाऊन या, मग मला न्यायला या. हट्टी आहे. चार दिवसांत स्वतःच येईल.

१३ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ
आली नाही. घर खायला उठतं.
आज ओढा ओलांडला. पाय धड होते. पलीकडे तरवडात दगडांचे लहान लहान ढीग, पुष्कळ. गावात एवढी लेकरं गेली, मला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक ढिगापाशी थांबलो. पिवळी फुलपाखरं अंगावरून जात होती. मोजली नाहीत. रडू आवरेना.
आपल्या बाळाचा कोणता, ते कळलं नाही.
कळमनुरीला गेलो तर अनुसूया पहिलं तेच विचारेल. ग्यानबाला माहीत आहे. त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. बापाने दुसऱ्याला कसं विचारायचं, माझं लेकरू कुठे आहे म्हणून?