अंबाडीवरचा कच्चा हुकूम

मौजे कडोळी, मार्गशीर्ष वद्य पंचमी, सन १३४९ फसली

राजश्री माणिकराव यांस तातेरावाचा रामराम. तुमची तब्येत, मातोश्रींचा दमा आणि नव्या बैलजोडीचा स्वभाव, तिन्ही कळवावे. इकडे मी ठणठणीत असून सरकारशी भांडून राहिलो.

त्याचं असं झालं, दरसालाप्रमाणे खालच्या डबऱ्यातल्या पाण्यात अंबाडी सडत घातली. (सडल्याबिगर वाख निघत न्हाई, अन् वाखाबिगर दोर होत न्हाई. वर्षाची दावी, कासरे आणायचे कुठून?) सडताना वास येणारच, अत्तर थोडंच घातलं होतं? तर कुण्या नाजूक नाकवाल्यानं अर्ज ठोकला, आणि आला उर्दूतला हुकूम. गावात उर्दू येणाऱ्या दस्तगीरभाईंनी वाचून दाखवला: डबरा रयतेचा, वासाची रयतेला तकलीफ, आठ दिवसांत अंबाडी काढा, न्हाईतर हिंगोलीला येऊन का काढत नाही ते सांगा. सगळे म्हणाले, काढून टाक. काहून काढू? आणखी पंधरा दिवस पाण्यात ऱ्हायली न्हाई तर नुसती काटकं हाती येतात. तडक हिंगोली गाठली.

तहसीलदारसाहेब (मॅजिस्ट्रेटीही त्यांच्याकडेच) माणूस थंड. म्हणाले, हुकूम कच्चा आहे, पक्का करण्याआधी तुमचं ऐकणं माझं काम. डबरा रयतेचा नाही असा भरवशाचा पुरावा आणा, मी हुकूम तिथंच थांबवतो, मग दिवाणीत भांडा. तो जमला नाही, तर डबरा कोणाचा हे पुन्हा काढायचं नाही. फक्त वासाचं बोलायचं.

पुरावा? अर्धं गाव नेलं! आमचा शेजारी सटवाजी छाती काढून उभा राहिला. "व्हय साहेब, डबरा तातेरावायचाच. वीस वर्षं झाली, सारं गाव तिथं जनावरं पाजून राहिलं, बाया धुणं धुतात, पण या देवमाणसानं कधी कोणाला न्हाई म्हटलं न्हाई!" साहेबांनी अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. मागून अकरा जणांनी माझा असाच मोठेपणा गायला. साहेब म्हणाले, सारं गाव वापरतं तर डबरा रयतेचाच, आता फक्त वासाचं बोला. गाढव लेकाचे!

आता गुरुवारी साहेब स्वतः जागेवर वास घ्यायला येणार आहेत. येऊ द्या! मी काठावर पाट मांडून बसवीन. दिवाणीत जाईन, हैदराबादेत जाईन, पण हटणार न्हाई.

घरच्या थोरामोठ्यांना दंडवत, लेकरांना आशीर्वाद.

तातेराव

ता. क. तुमची बहीण तिकडंच येऊन बसली हे मला ठाऊक आहे. वास आहे तोवर घरात पाय ठेवणार न्हाई, हा तिचा हुकूम. तिथं सुनावणी न्हाई अन् अपील न्हाई. बारा दिवस माझ्या हातची भाकर खाऊन राहिलो. घर खायला उठतं हो. तिला आणून सोडा.

ता. क. दुसरा. अंबाडी परवाच काढली, वाख काही निघाला न्हाई. तिला तेवढं सांगा. तहसीलदारांच्या कानावर मात्र जाऊ देऊ नका. गुरुवारी त्यांना वास येणार न्हाई, म्हणजे मी जिंकलो.