मुराळी

आरमोरी,
२६ मे १९५७

प्रिय चंदा,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. पत्राची अशी सुरुवात कोणी करत नाही हे मलाही कळतं, पण लेखणी उचलली आणि हेच वाक्य आलं. का आलं ते पुढं वाचशील. गेले पंधरा दिवस माझं बूड एका जागी टिकत नाही. दुकानात बसलो की घरात जावंसं वाटतं, घरात गेलो की नदीवर, आणि वैनगंगेवर जाऊन उभा राहिलो की वाटतं, इकडं काय करतोय मी, दुकान उघडं पडलंय. लोक म्हणतात, लच्छूला ऊन लागलं. आता शाळेच्या ओसरीत बसून लिहितोय, सुट्टीमुळे इथं चिटपाखरू नाही. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर दोन पानं इकडचंतिकडचं लिहून मी ती गिळून बसेन. मागं मी तुझ्याकडे आलो ते येणं खोटं होतं. आणि परत येऊन बाबांना जे सांगितलं, तेही खोटं. त्या दुसऱ्या खोट्यापायी बाबा सुकत चाललेत, आणि ते निस्तरायला मला तू हवी आहेस.

तू राजय्याबरोबर गेलीस त्यानंतर घरात काय झालं ते मी तुला तिकडं सांगितलंच नाही. तूही विचारलं नाहीस, मला पाहूनच तुला वाटलं की सगळं निवळलं. तसं नव्हतं. राजय्याची लॉरी वडशाच्या स्टेशनावर बांबू उतरवून परतताना आपल्या दुकानापुढं थांबायची, तो त्याच्या आईच्या मनगटाच्या मापाचा दोरा घेऊन यायचा आणि तीनदा म्हणाला, बांगडी लहान पडली, तेव्हाच आम्हाला समजायला हवं होतं. कासाराच्या घरी माप एकदाही चुकत नाही, तीनदा कसं चुकेल? माप तूच मुद्दाम चुकवत होतीस ते सगळ्या बाजाराला कळलं होतं, फक्त आम्हा दोघा शहाण्यांना नाही. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबा दुकानात एका बाईच्या हातात बांगड्या भरत होते. तिनं सहज विचारलं, चंदा दिसत नाही. बाबांनी तिचा हात सोडला आणि चार बायांसमोर बोलले, "मेली तरी चालन मले, पण लॉरीवाल्याच्या घरी नाई नांदू देणार." मग ब्रह्मपुरीचं एक बिजवर स्थळ निघालं. सगळं ऐकूनही ते लोक तयार होते. बाबांनी मला सांगितलं, पंधरा दिवसांत तिला घेऊन ये. आणि मी म्हणालो, आली नाही तर ओढून आणतो. हे मीच म्हणालो, बाबा नाही. तुला पाठीवर घेऊन फिरवणारा मी.

तर मी असा निघालो. आलापल्लीपर्यंत ठेकेदाराच्या लॉरीत आलो, आणि पुढं चार मैलांवर तिचा आस मोडला. दुसरी लॉरी आठ दिवसांनी. आठ दिवस थांबणारा माणूस मी नव्हेच, आणि डोक्यात तर आग होती. नाक्यावरचा गार्ड म्हणाला, सडक वळसा घेऊन जाते, डोंगरातून पायी गेलास तर चार दिवसांत पोचशील, पण वाटाड्याशिवाय जाऊ नकोस. तिकडची रीत तुला आता माझ्याहून जास्त ठाऊक असेल. एका गावचा माणूस आपल्या शिवेपर्यंत नेतो, तिथं पुढच्या गावच्या माणसाच्या हवाली करतो आणि मागं फिरतो. शिवेपलीकडं पाऊल टाकत नाही. पहिला वाटाड्या बुधू नावाचा, साठीचा, तुरुतुरु चालणारा. निघताना त्यानं एक हिरवी डहाळी तोडून हातात धरली. म्हणाला, ही सुकली का एक कोस झाला. मी पाच-पाच मिनिटांनी त्या पानांना हात लावून पाहत होतो. शेवटी तो वैतागला, म्हणाला, "हात लावून लावून तूच सुकवून राह्यला तिले, कोस का असा सरते?" मग विचारलं, कुठी चालला जी. मी तोंड कडू करून एवढंच म्हणालो, बहिणीला न्यायला.

आणि चंदा, तिथंच सगळं फिरलं. बहिणीला न्यायला भाऊ निघाला म्हणजे तो कोण? मुराळी. माहेरपणाला न्यायला आलेला. या शब्दाचा दुसरा अर्थ त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात येईल तरी कसा? तो एकदम खुलला. "मुराळी होय का तू! मंग हळू चाल ना जी. मुराळ्याले काऊन घाई? बहीण का पळून जाऊन राह्यली?" मी तसाच भराभर चालत राहिलो. शिवेवर पुढचा माणूस भेटला तेव्हा बुधू त्याच्याशी गोंडीत बोलला. त्यातलं मला कळलं ते एकच, मुराळी. मग त्यानं पुढच्याला, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. डोंगर चढत होतो, सागाला पान नव्हतं, पायाखाली पाचोळा नुसता कडकडत होता, आणि माझ्याआधी माझी वर्दी गावोगाव पोचत होती. तेंदूची पानं तोडणाऱ्या बाया काम सोडून बघायला यायच्या. आंबील द्यायच्या. इतवारी नावाच्या म्हातारीनं माझे रिकामे हात पाहिले आणि मला चक्क रागावली. मुराळी असा जाते का, म्हणाली, आणि घरातून तिखुराचं, म्हणजे त्या रानकंदाच्या पिठाचं, गाठोडं आणून दिलं. पुढच्या गावी कुणी मधाचं तुंबं दिलं, कुणी चारोळी, एकीनं हे सगळं ठेवायला नवी विणलेली टोपली. मी नको म्हणत होतो, तर त्यांना तो माझा लाजरेपणा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी मला राहवेना. वाटाड्या सुकलू होता, त्याला मराठी बरं येत होतं. घाटमाथ्यावर पाणी प्यायला बसलो तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, की मी मुराळी नाही, बहीण पळून गेली आहे, तिला कायमची परत न्यायला आलोय. तो आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, "तिनं घर पाह्यलं, माणूस पाह्यला, राह्यली. मंग पळाली कुठी? आता तू नेशील, चार दिवस खाऊ घालशील, वापस पोचवशील. तेच तर मुराळ्याचं काम." मी चिडून म्हणालो, परत नाही पोचवणार. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू उन्हानं माझं डोकं फिरलंय. टोपली माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि शिवेपर्यंत माझ्यापुढं चालत राहिला. तिथं पुढच्या माणसाला मात्र त्यानं तेच सांगितलं, मुराळी. माझा राग तिथंच कुठंतरी डगमगायला लागला. मी जोर लावून तो धरून ठेवला, कारण तो गेला असता तर मी बाबांना तोंड काय दाखवणार होतो?

शेवटच्या दिवशी प्राणहितेचं पात्र लागलं. भूगोलाच्या तासाला आपण वाळवंट शिकलो ते राजपुतान्यातलं. नदीच्या वाळूलाही आपल्यात वाळवंटच म्हणतात, तो शब्द मला उगीच मोठा वाटायचा. भर दुपारी त्या दीड कोस वाळूतून चाललो तेव्हा तो पटला. वहाणेचा अंगठा तुटला, एक पाय भाजत होता, बरोबरचा वाटाड्या तेलुगू, त्याला काही सांगता येईना. आणि समोरून तू धावत आलीस. मागं पोरं ओरडत होती, अन्ना वच्चाडू, अन्ना वच्चाडू, भाऊ आला, भाऊ आला. तू ओलं पोतं वाळूवर टाकलंस, माझा पाय त्यावर ठेवलास आणि विचारलंस, "बाबांनी पाठवलं?" मी म्हणालो, हो. ते खोटं नव्हतं, चंदा, आणि त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. तुझ्या सासूनं माझे पाय धुतले. तिच्या हातात आपल्या दुकानातल्या बांगड्या होत्या, तीन वेगवेगळ्या मापांच्या, सगळ्या घातलेल्या. टोपली उघडून तू म्हणालीस, बाबांनी आठवणीनं तिखूर पाठवलं, आणि गाठोडं कपाळाला लावलंस. ते इतवारीचं होतं. आपल्या घरून तुझ्यासाठी मी काहीही आणलं नव्हतं, मारायला उचलायचा हात तेवढा आणला होता. दोन दिवस राहिलो, भात खाल्ला, राजय्यानं पकडलेले मासे खाल्ले, आणि रोज ठरवत होतो, संध्याकाळी सांगतो. मला माहेरी कधी नेशील, असं तू विचारलंस. मी म्हणालो, पाऊस संपला की दिवाळीला येतो. तू लगेच दिवस मोजायला बसलीस.

परतताना सडकेनं, लॉरीतून येत मी ठरवलं होतं, बाबांना खरं सांगायचं. सुखात आहे, सोडा तिचा नाद. सगळ्या वाटेनं वाक्यं जुळवत आलो. दारात पोचलो तर बाबा उंबऱ्यावरच बसलेले. वहाणाही काढू दिल्या नाहीत. "सापडली?" मी म्हणालो, नाई. ते का म्हणालो ते आजही मला सांगता येत नाही. सापडली म्हटलं असतं तर ते स्वतः माणसं घेऊन निघाले असते, एवढं मात्र तेव्हा डोक्यात होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि माझं तोंड तर तुला माहीत आहे. मग अगदी हळू विचारलं, "तापानं?" तिकडच्या जंगलात तापानं माणसं मरतात, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक. मला वाटलं, मेलेल्या पोरीला कोणी ओढून आणत नाही. मेली तरी चालेल असं ते स्वतःच म्हणाले होते, मग झालं तर, चालू दे. मी मान हलवली. नुसती मान. मी किती हुशार, असंही क्षणभर वाटलं मला.

बाबा उठून दुकानात गेले, पेटी आवरली, फळ्या लावल्या. त्या फळ्या त्यांनी अजून काढलेल्या नाहीत, मीच मागच्या दारानं गिऱ्हाईक करतो. लोक म्हणाले, दिल्या लेकीचं सुतक तीन दिवसांचं. बाबा म्हणाले, तिले मी कुठी देल्ली? ती माह्याच घरची. आणि दहा दिवस पाळले. दहाव्याला वैनगंगेवर डोकं भादरून घेतलं. पिंडाला कावळा शिवेना, तर ते वाळूत बसून राहिले आणि मी त्यांच्यामागं उभा, कारण मला ठाऊक होतं तो का शिवत नाही ते. त्याच वेळी सांगायचं होतं. त्यानंतरही रोज वेळ होती. पण जेवायला बसलो की ते एकच विचारतात, रोज, नव्यानं, "मी बोललो होतो ना रे, मेली तरी चालन म्हणून. ते तिले लागलं असन का?" घास तसाच ताटात टाकून उठतात. चंदा, मला वाटायचं आपले बाबा दगड आहेत. मी दगडाला धोंडा मारायला गेलो आणि माणसाला लागला. आता मला स्वतःची लाज वाटते, आणि त्याहून जास्त भीती वाटते, कारण ते खरंच खंगलेत.

आता हे पत्र का, ते सांगतो. काल बाबा म्हणाले, "जिथी जाळली तिथी मले ने. जागा तरी पाहू दे." मी नाना सबबी सांगितल्या, ऊन आहे, डोंगर आहे. ते ऐकेनात. मंगळवारी आम्ही निघतोय. आज एक लॉरी थेट तुमच्या बाजूला, सिरोंच्याला चालली आहे, तिच्यात जागा होती, ती मी बाबांपासून लपवली. तिच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतोय, म्हणजे ते आमच्या आधी तुझ्या हातात पडेल. आम्ही आलापल्लीपासून डोंगरातूनच येऊ, पुढच्या लॉरीसाठी आठ दिवस थांबायला आता तेही तयार नाहीत. मी शपथ घेतली आहे की वाटेत त्यांना सगळं सांगेन. पण पंधरा दिवस एका घरात राहून ज्याला जमलं नाही, त्याच्या शपथेवर तू विसंबू नकोस. कदाचित मी सांगायच्या आधी बुधूच विचारेल, काय जी, नेली का बहीण? आणि मग त्या उन्हात, त्या शिवेवर बाबांचं काय होईल ते मला सुचत नाही. तसं झालं नाही, तर ते काही न कळता तुझ्या नदीपर्यंत येतील. भादरलेलं डोकं, अनवाणी पाय, वाळूत राखेची जागा शोधत. म्हणून तू रोज दुपारी पात्राकडं लक्ष ठेव. राजय्याला सांग, पण तो पुढं नको, तूच ये. दचकतील, कदाचित खाली बसतील, त्यांना धर. माझा हिशोब नंतर कर, मी कुठं पळत नाही. मी दूर उभा असेन, माझ्याकडं बघूसुद्धा नकोस. सरळ त्यांच्यापुढं जा आणि एवढंच म्हण, "बाबा, मी इथी आहो."

तुझाच,
लच्छू
(पुढं भाऊ लिहायचं की नाही, ते तू ठरव.)