डोंगरापलीकडचा पाऊस

९ जुलै
सकाळी ताईचा फोन. तिच्या गावात, कपिलधारच्या अंगाला, रातभर पाऊस. ओढा आला म्हणे. मधे एकच डोंगर. आमच्याकडं, चौसाळ्याच्या बाजूला, नुसता वारा. सासरे अंगणात उभे. "वास येतोय भिजल्या मातीचा. पाऊस न्हाई."

१९ जुलै
सोयाबीन उगवलं तसं करपलं. कडबा संपत आला. डेअरीत दूध निम्म्यावर. महिला दूध सोसायटीची सचिव मी, बायका मलाच विचारतात. काय सांगू?

२२ जुलै
बैठक. ताईच्या गावची सोसायटी आमची जनावरं चारायला तयार. अट एकच, दूध तिथं घालायचं.
मंदाकाकू उठल्या, "मंग आपली डेअरी कशी ऱ्हाईल गं?"
शेवटी सगळ्यांनी हात वर केले. मीही. याच डेअरीसाठी दारोदार हिंडले होते...

२५ जुलै
जनावरं निघाली. मालक पुण्याला कामावर, आमच्या गाईंबरोबर कोण जाणार? सासरे म्हणाले, मी. सुनेच्या बहिणीच्या दारात! जन्मात पाहुण्याकडं रात्र न काढलेला माणूस.
"कावून जाता मामा? गडी बघू."
"मोरी गाभण हाय. परक्याच्या हाती न्हाई द्यायची."
खिंडीपर्यंत मी पोचवायला गेले. तिथून दोन्ही बाजू दिसतात. तिकडं पोपटी गवत, इकडं आपलं उघडं रान. मोरी पुढं ओढत होती. मामांनी मागं बघितलं नाही.

३ ऑग.
डेअरी बंद. मंदाकाकूंनी कॅन घासून पालथे घातले.
ताई सांगते, मामा घरात झोपत नाहीत. गोठ्यात घोंगडी टाकतात. ताटावर बोलावलं तर, "आधी जनावरं."

१४ ऑग.
दुपारी मामांचा फोन. मोरी व्याली, कालवड. किती दिवसांनी हसले. मग म्हणाले, "इथं पाऊस लई लागलाय. तिकडं?"
बाहेर बघितलं. डोंगरावर आभाळ काळंभोर, अंगणात ऊन.
"हाय की मामा. सकाळपासून."
कावून बोलले मी तसं, कळत नाही. त्यांना जरा बरं वाटावं, एवढंच.
"मंग कालवड जरा टणक झाली की येतो समद्यांना घेऊन. लोकाच्या दारात लई दिवस झाले."
फोन ठेवला त्यांनी.
दिवस मावळला. खरं सांगायला मी परत लावला नाही अजून.