छावणीतलं बाळंतपण

बार्शी, मार्च १९४८

तीर्थरूप आत्याबाईंना थोरली सून गिरिजाचा नमस्कार.

आम्ही दोघं खुशाल आहोत. निर्वासितांच्या छावणीत भाकरी वेळेवर मिळते. परंड्यात रझाकारांचा त्रास कमी झाला का?

महिन्यापूर्वी शेजारच्या नागम्माला कळा सुरू झाल्या, सुईण आलीच न्हाय. तिनं मला हाक मारली. मी म्हणाले, "मला मूलबाळ न्हाय. घरी मला बाळंतिणीच्या खोलीत येऊ देत न्हाईत."

ती म्हणाली, "अक्का, हात धर."

मी बसले. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. त्यानंतर आणखी तिघींनी मला बोलावणं धाडलं.

धाकट्या जाऊबाईंचे दिवस भरत आले असतील. वाट धोक्याची आहे, तरी मी येईन. मी खोलीत आले तर चालेल का, ते त्यांनाच विचारून कळवा.

तुमची,
गिरिजा