उघाडीवर माझा आवाज

१ जुलै, मंगळवार
पाणखार, ता. पेण

पोचले बाई एकदाची! रोह्याहून पेणपर्यंत एसटी, पेणहून पुढे सहा आसनी रिक्षा. त्या रिक्षात आम्ही अकराजण आणि एक कोंबडा. कोंबडा माझ्या मांडीवर. पुण्याच्या कंपनीने मार्चमध्ये आम्हा चाळीस प्रोग्रामरना एका मेलमध्ये घरी बसवलं, तेव्हापासून रोह्याजवळच्या अष्टमी गावी, घरी बाबांच्या डोळ्यांसमोर मी नुसते पोहे खात होते. कोंबडा काय, बकरी दिली असती तरी मांडीवर घेतली असती.

काम झकास आहे. हे गाव भरतीच्या पाण्यापेक्षा खाली वसलंय. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये मातीचा लांबलचक बांध. बांधात झडपांचं एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी ती बाहेर सोडते, भरतीला खाडीला आत येऊ देत नाही. बांध फुटला की म्हणायचं खांड गेली, आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताचं नाव काढायचं नाही. तर मी उघाडीवर पाण्याची उंची मोजणारं यंत्र बसवायचं, आणि धोका दिसला की चौऱ्याऐंशी घरांत आपोआप फोन गेला पाहिजे. वर उघाडीवर एक भोंगा. पेणचा हितेश माझा नवा साहेब. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, पण असो, पगार तोच देणार.

राहायला गोदूबाईंकडे. मी काकी म्हणते. त्यांना एकच मुलगा, जनूदादा, चाळिशीचा, बांधाचा राखणदार. काकीने आल्या आल्या विचारलं की लगीन का नाय झाला गो, आणि उत्तराची वाट न बघता तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी पुढे सरकवली. बाबांनी ही वही दिलीय. दिवसभर स्क्रीन बघतेस, थोडं हाताने लिही म्हणाले. लिहिते, बाबा.

३ जुलै, गुरुवार

आज माझा आवाज तयार झाला! परवा वीस मिनिटं माइकसमोर बसून हाताला लागेल ते वाचलं, पोह्याच्या पापडाच्या पाकिटावरची कृतीसुद्धा. आता लॅपटॉपवर जे टाइप करीन ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. ‘श’ म्हणताना जीभ जड होते माझी, ती खोडसुद्धा त्याने उचललीय. मी टाइप केलं, ‘जनूदादा, चहा थंड होतोय.’ तो मागच्या अंगणात जाळं शिवत होता. ‘आलू गो’ म्हणत आत आला आणि मी तोंड मिटून बसलेली बघून जागच्या जागी थबकला. मग इतका हसला की खोकल्याची उबळ आली. मला पुन्हा पुन्हा करायला लावलं.

काकीला मात्र पटलं नाही. म्हणाली, तुझा आवाज तुझ्या तोंडाच्या भायेर फिरतोय, ह्या बरा नाय. आणि मग तिने जे सांगितलं ते लिहून ठेवते. बांधावर कुणाचं नाव घ्यायचं नाही. गावात कुणीच घेत नाही. खांड गेली तर डबा बडवतात, ‘खांड! खांड!’ ओरडतात, एकमेकांना ‘गड्या’ म्हणतात, पण नाव नाही. का, तर खाडी ऐकते आणि शिकते. काकीच्या नवऱ्याला त्यांच्या भावाने घाईगडबडीत बांधावरून नावाने हाक मारली होती. पुढच्या उधाणाला भर दुपारी ते जेवता जेवता उठले, भाऊ बोलावतोय म्हणाले, गेले ते गेलेच. घास ताटातच राहिला. भाऊ त्या दिवशी पेणच्या बाजारात होता.

सांगताना काकी तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. तेव्हा जनूदादा दीड वर्षाचा. आता ह्या एकटाच हाय मना, एवढंच म्हणाली. मी मनातल्या मनात हसले, खोटं कशाला लिहू? पण चेहरा गंभीर ठेवला.

७ जुलै, सोमवार

पहिली चाचणी सपशेल आपटली. चौऱ्याऐंशी फोन गेले, पूर्ण ऐकले अकरांनी. बाकीच्यांना कुठल्यातरी कंपनीची जाहिरात वाटली, त्यांनी कट केला. सखाकाका म्हणून इथले जुने मिठागर कामगार आहेत, ते म्हणाले की आमचा नाव घेतला नाय, मग फोन आमचाच ह्या आमी कसा वळखायचा? मुद्दा बिनतोड आहे.

म्हणून आता प्रत्येकाला नावाने: ‘नमस्कार, मी सुरभी बोलतेय. सखाकाका, बांधावर या, खांड गेलीय.’ काकीला आधी विचारलं. नावं फक्त फोनमध्ये, घराच्या चार भिंतींत. उघाडीवरचा भोंगा नुसतं ‘खांड’ म्हणेल. काकीने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. घेतली.

१० जुलै, गुरुवार

आज पौर्णिमा, उधाणाची भरती. खरी चाचणी उधाणालाच व्हायला हवी म्हणून दुपारी पाऊण वाजता बटण दाबलं. मी घरात लॅपटॉपवर. चौऱ्याऐंशीपैकी एकोणऐंशी जणांनी पूर्ण ऐकलं! मी खुर्चीवरून उडीच मारली, हितेशला फोन लावला, तो तिकडून शिट्ट्या मारायला लागला. तेवढ्यात जनूदादा बांधावरून धावत आला. तोंड पांढरंफटक.

भोंग्याने सगळी नावं वाचली होती. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी, जनूदादाचंही.

चूक माझी. भोंग्याची फाईल वेगळी करायची होती. उद्या करू म्हणून फोनचीच फाईल दोन्हीकडे जोडून ठेवली होती, आणि तो उद्या मी विसरले. जनूदादा म्हणाला की नावं चालली होती तोवर पाण्यावर एक लाट नव्हती, थाळीत ठेवल्यासारखं पाणी. काकीने चूल विझवली. जेवलीही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१२ जुलै, शनिवार

सखाकाका गेले.

दुपारी दीडच्या सुमाराला सुनेला म्हणाले की कंप्युटरवाल्या पोरीचा फोन आलाय, बांधावर बोलावलाय. चपला घालून निघाले. चपला उघाडीपाशी मिळाल्या, शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. सखाकाका संध्याकाळी खारफुटीत मिळाले.

मी यंत्राची सगळी नोंद तपासली. आज एकही फोन गेलेला नाही. त्यांचा मोबाईलही पाहिला, त्यातही नाही. म्हातारं माणूस, गेल्या चाचणीचं डोक्यात राहिलं असेल, असं हितेश म्हणाला. तसंच असेल. तसंच असू दे.

घसा बसलाय. स्मशानातून आल्यापासून.

१५ जुलै, मंगळवार

भोंगा उतरवला. फोनची सोय बंद केली. माझा आवाज लॅपटॉपवरून पुसला, सर्व्हरवरून पुसला, प्रती होत्या तिथून पुसला. हितेश फोनवर ओरडत होता, मी ऐकून घेतलं. नोकरी गेली तर गेली.

घसा अजून तसाच. पेणच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले की काहीही नाही, स्वरतंतू ठणठणीत. मग आवाज कुठे गेला, असं मी विचारलं. ते हसले.

बाबा म्हणतात घरी ये. येते. पुढच्या उधाणापर्यंत थांबते, काही होत नाही हे एकदा डोळ्यांनी पाहते, आणि येते.

२५ जुलै, शुक्रवार

काल अमावास्या झाली. आज बायजाआत्ते.

शेजारीण. पडवीत वाल सोलत बसली होती. तिची नात सांगते की आत्ते मध्येच म्हणाली, सुरभी हाक मारते, बघून येतू. सूप बाजूला ठेवलं आणि बांधाकडे चालती झाली. परतली नाही.

बायजाआत्तेकडे फोन नव्हता. कधीच नव्हता. यादीत तिच्या नावापुढे मी मुलाचा नंबर टाकला होता, आणि मुलगा मुंबईला असतो.

मी दिसले की बायका पोरांना आत घेतात. हितेशने दुपारनंतर फोन उचलला नाही.

२६ जुलै, शनिवार

जनूदादाने आज सांगितलं, काकी पाण्याला गेली तेव्हा.

काल दुपारी त्यानेही ऐकलं. माझाच आवाज, बांधाकडून. ‘जनूदादा, मी घसरून पडलेय गो, लवकर ये.’ तो दारापर्यंत धावला. जाता जाता नजर पडली तर मी खाटेवर झोपलेली, तोंड मिटून. म्हणून थांबला.

हे वाक्य मी कधीही टाइप केलेलं नाही. आणि ‘गो’ मी म्हणत नाही, ते इथलं आहे, तेही बाईमाणसाला म्हणायचं. माझ्या तोंडचं नव्हे.

मी म्हटलं, अष्टमीला चल आमच्याकडे, काकीला घेऊन. तो नाही म्हणाला. उधाणात राखणदाराने बांध सोडला आणि उघाडी निसटली तर चौऱ्याऐंशी घरांचं भात खारं होईल. काकी परत आली, ऐकून पाया पडली त्याच्या. आई मुलाच्या पाया पडली. तरी नाही.

मग ठरलं ते असं. उधाणाच्या दिवशी भरती टिपेला असते तेवढा तासभर तो घरात, बाकी वेळ बांधावर; आणि घरात मी त्याच्या समोर. मी डोळ्यांसमोर गप्प बसलेली दिसले की बाहेरची मी नाही हे त्याला कळेल. म्हणजे मी इथून हलायचं नाही. बाबांना कळवलं, काम वाढलंय.

३ ऑगस्ट, रविवार

आवाज नुसत्या कुजबुजीइतका राहिलाय. काकी ज्येष्ठमध देते. माझ्याकडे बघत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. गावाने खाडीला नारळ दिला, लांबूनच, पुलावरून. दुपारी आम्ही तिघं दार लावून बसलो. पंधरा मिनिटं आवाज येत होता. बांधाकडून, मग चिंचेखालून. ‘जनूदादा. जनूदादा.’ तो माझ्या ओठांकडे बघत बसून राहिला, घामाने चिंब. ओहोटी लागली तसा थांबला.

जमलं. जमतंय. उद्या आणि परवा काढले की हे उधाण संपलं.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळपासून कुजबुजसुद्धा नाही. खोकले तरी हवा. नुसती हवा.

१२.२० — दार लावलं. काकी दाराला पाठ टेकून. जनूदादा समोर. वही मांडीवर घेतलीय, त्याला काही सांगायचं तर लिहूनच.

१२.३५ — आवाज आला. ‘नमस्कार, मी सुरभी बोलतेय.’ मी मान हलवली, मी नाही. दादा बसून राहिला.

१२.४५ — मोरीच्या मागे. इतक्या जवळ कधीच — आता म्हणतोय की दादा, घरात बसलीय ती मी नाही. ती बोलत का नाही? विचार तिला.

दादाने विचारलं. एक शब्द बोल सुरभी, एकच.

तोंड उघडलं. हवा.

तो उठलाय. लिहून दाखवते.

दादा, मीच सुरभी.

बाहेरून — ‘दादा, मीच सुरभी.’ माझं लिहून होताच. 

चाचणी.

कोंबडा.

बाहेरून ‘कोंबडा.’

म्हणजे मी लिहिते ते तो — टाइप केल्यासारखं —

मग बरंच आहे! आता त्याच्याच तोंडून

जनूदादा, येऊ नको. काही झालं तरी दार उघडू नको. माझ्यासाठी येऊ नको.

बोलला. शब्दन् शब्द बोलला. रडत बोलला. मी रडतेय तशी.

दादा ऐकतोय — नाही — नाही — तो म्हणतोय हीच खरी गो आये, मरताना पण मला येऊ नको म्हणते, ही आतली नुसती बघते —

काकीने पाय धरलेत त्याचे. तरी त्याने कडी काढली. माझ्याकडे बघतही नाही. हात धरला तर झिडकारला

दादा, इकडे बघ. मी इथे आहे. मी इथे आहे. मी इ—