मोकळ्या नळीची खूण

७ ऑगस्ट, सोमवार

बंदूक अशी ठेवतात? आमच्या बापानं पाहिली असती तर अनीझिओच्या पाठीत गजच घातला असता. तोंडाशी गंज, घोड्यावर कोळ्याचं जाळं, आणि चुलीवरच्या वाशात खोचलेली. मे महिन्यापासून हात लावला नाही म्हणतो. हात कापतो म्हणे. चाळिशीचा बाप्या, आणि हात कापतो!

मी काल पोचले. तीन दिवस होडीत, अर्धा दिवस पायी. जागा छान आहे, खोटं का बोलू. ओढा पावलावर, पपया लगडलेल्या, घर हवेशीर. त्याची बायको सेलिदोनिया मे महिन्यात नदीच्या खालच्या अंगाला आईकडे निघून गेली, म्हणून त्यानं निरोप धाडला, ताई, घर सांभाळायला ये. आले. मला तरी मागे कोण आहे?

एकोणीसला, शनिवारी, शेजारचे वीस जण त्याचं रान तोडून द्यायला येणार. त्यांना पोटभर मांस घालायचं. माकडाच्या दोन तंगड्यांनी भागत नाही, टापीरसारखं मोठं जनावरच पाहिजे. चुलीवर सुकवलेलं थोडं आहे मे महिन्यातलं, ते आम्हा दोघांपुरतं. भाऊ मारणार नाही तर मी मारीन. बापानं ठासणीची बंदूक आधी माझ्या हातात दिली होती, याच्या नाही.

आधी गज नळीत सोडून बघितला. चार बोटं वर राहिला. म्हणजे भरलेली! भरलेली बंदूक तीन महिने चुलीवर! गजाला आकडा लावून बोळा उपसला, गोळी पाडली, ओली दारू खरवडली. मग राखेचं उकळतं पाणी, चिंध्या, पुन्हा पाणी, पांढरं स्वच्छ येईपर्यंत. आत डुकराची चरबी फिरवली. मोकळ्या नळीत गज पूर्ण खाली गेला, तिथे तोंडाशी गजावर सुरीनं खूण केली. आता कुणी फसवणार नाही.

८ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी गज टाकला. खूण चार बोटं वर.

अनीझिओ रबराचा चीक काढून परतल्यावर त्याला झापलं. तो म्हणतो मी हात लावला नाही, ताई, तुझं वय झालं, काल भरलीस नि विसरलीस. म्हटलं, वय झालं तुझ्या तोंडाचं. पुन्हा उपसली. बोळा झाडाच्या सालीचा नव्हता, कापडाचा होता. निळं, पांढरे ठिपके. माझ्याकडे असं कापड नाही. त्यानं ते बघितलं आणि जेवला नाही.

१० ऑगस्ट, गुरुवार

देउस्देतेकाका आले, दोन तासांवर राहतात. कॉफी पिऊन झाल्यावर विचारलं, कायपोरासाठी, रानाच्या मालकिणीसाठी, बुंध्यावर तंबाखू ठेवलीस का? रानातली जनावरं तिची. म्हटलं ठेवीन. शुक्रवारी रानात पाय टाकू नकोस, शुक्रवार तिचा, हे माझ्या डोक्यात तिसऱ्यांदा भरवलं. म्हटलं काका, मी काय काल जन्मले?

मग हसत म्हणाले, तुझा भाऊ मात्र शुक्रवारीच मारतो. मे महिन्यात त्यांना टापीरचा वाटा पाठवला होता. त्यांच्या म्हातारीनं शिजवला, दात मोडले, आणि चव गोड. कसली गोड म्हणून विचारलं तर हसायचे थांबले. म्हणाले, शुक्रवारी गोळी झाडणाऱ्याचे डोळे ती फिरवते. जनावराचं माणूस दिसतं, माणसाचं जनावर. आणि एकदा फिरलेले डोळे पुन्हा सरळ होत नाहीत.

जाताना सहज म्हणाले, सेलिदोनिया गेली त्याच आठवड्यात. कोंबडी अंड्यांवर बसवून गेली, म्हातारीला सांगितलंही नाही. होडीत बसताना कुणी पाहिली नाही.

मी म्हटलं, काका, उन्हं चढतात, निघा.

११ ऑगस्ट, शुक्रवार

रानात गेले नाही.

खूण पाच बोटं वर. आकडा घातला, ओढला, येत राहिलं. केस. लांब, काळे, वेणीचा पीळ तसाच. अनीझिओ दारात उभा होता. जिथे उभा तिथेच ओकला. मग म्हणाला, ताई, होतं तसं परत ठास. 

१२ ऑगस्ट, शनिवार

करणी उतरावी म्हणून बंदुकीला मिरच्यांची धुरी दिली. काही नाही.

म्हटलं बघू कोण भरतं ते. नळी साफ केली, गज आत सोडला, बंदूक मांडीवर घेऊन भर दुपारी दारात बसले. तळहात गजाच्या टोकावर. भाऊ समोर जाळं शिवत होता. दुसरं कुणी नाही. ऊन होतं. माशा होत्या.

गज हाताखालून वर चढला. हळूच, एक बोट. मग दुसरं. आतून कुणी ढकलल्यासारखा नाही. खाली काही साठत गेल्यासारखा.

१४ ऑगस्ट, सोमवार

एक गोष्ट आज ध्यानात आली. मारलेल्या प्रत्येक जनावराची कवटी त्यानं कुंपणाच्या खांबांवर लावली आहे. हरणं, डुकरं, माकडं. टापीरची कवटी नाही. कातडं नाही. गाढवाएवढ्या जनावराचं एक खूरसुद्धा नाही.

विचारलं. म्हणतो ओढ्यात वाहून गेलं. ओढ्यात घोट्याएवढं पाणी.

त्या मांसाला तो शिवत नाही. मी आल्यापासून खाते आहे.

काढून पुरलं. मग तोंड धूत बसले, किती वेळ ते माहीत नाही.

१५ ऑगस्ट, मंगळवार

बोलला. भिंतीकडे तोंड करून बोलला. शुक्रवार होता, घरात मांस नव्हतं. धुकं. ओढ्यापाशी त्यानं टापीरला बोलावतात तशी शीळ घातली. पलीकडून शीळ आली. टापीर शीळ घालतंच. पुन्हा घातली, पुन्हा आली. अंधुक, मोठं, पाण्यावर वाकलेलं. झाडली.

मी म्हटलं, सेलिदोनिया पाणी भरताना शीळ घालायची का?

तो म्हणाला, मी टापीर सोललं, ताई. माझ्या हातांनी सोललं. टापीरच होतं.

मी पुन्हा विचारलं. घालायची, म्हणाला.

१६ ऑगस्ट, बुधवार

बंदूक ओढ्याच्या खालच्या वळणावर खोल डोह आहे त्यात टाकली. दगड बांधून.

दुपारी वाशात होती. कोरडी. भरलेली. घोड्याखाली बार उडवायची टोपी बसवलेली — टोप्यांची डबी माझ्या कमरेला आहे, उघडलेली नाही —

काकांकडे जावं म्हणून निघाले. कुंपणापर्यंत गेले. मागे वळून पाहिलं तर तो उंबऱ्यात बसून रडत होता, लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता. माझा भाऊ आहे. परत आले.

१७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी पाणी भरायला गेले. वाकले. मागे शीळ.

तो होता. हात रिकामे होते. माझ्याकडे बघत होता — माझ्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे. नेम धरताना बघतात तिथे. ओरडले, अनीझिओ, मी आहे, ओतीलिया! दचकला. डोळे पुसले. म्हणाला, ताई, तू कधी आलीस इथे?

मी तर तिथेच होते.

दुपार. बंदूक वाशात नाही. तो परसात बसलाय, मांडीवर घेऊन. हात कापत नाहीत.

बोलते तर मान तिरकी करतो. जनावराचा कानोसा घेतात तशी. शब्द पोचत नाहीत. म्हणून लिहून ठेवते, तुला वाचता येतं, माझ्याहून बरं येतं. हे पान तुझ्या ताटात ठेवते.

अनीझिओ. परवा माणसं येतील, त्यांच्यासमोर मला काही नको. उद्या शुक्रवार. उद्या चूल पेटायच्या आत मला उत्तर पाहिजे, तोंडानं, हाक मारून, ताई म्हणून. घरातून हलत नाही मी. एवढंच सांग, माझ्याकडे बघतोस तेव्हा तुला काय दि—