गुडघ्याचं निमित्त

रविवार, मे महिना. तळोद्याजवळ, शेतातलं हॉटेल.

सुमन नर्स म्हणून अकरा वर्षं ज्या डोंगरातल्या गावांत फिरली, ती गावं तिला मला दाखवायची होती. मी कधी रजाच काढली नाही. आता ती जाऊन आठ महिने झाले आणि मी एकटा आलो.

आज एका गावात हॉटेलच्या जीपवाल्यानं एका म्हातारीला सांगितलं, हे नर्सबाईंचे मिस्टर. तिनं आधी जीपमध्ये वाकून पाहिलं.

"तू एकटाच आला? बाई कुठं?"

"तिचा गुडघा दुखतो." असं का म्हणालो मी?

म्हातारी हसली. "आमचा डोंगर चढायची तेव्हा नाही दुखला, आता तुझ्या घरी दुखतो काय!" मग आमचुराची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "तिला दे. आंबट आवडे बाईला. सांग, पुढच्या वेळी स्वतः ये."

पुरचुंडी उशाशी आहे. सोडलेली नाही, तरी खोलीभर आंबट वास. उद्या परत जाऊन खरं सांगायला हवं. पण त्या एका म्हातारीसाठी सुमन अजून आहे, गुडघा धरून घरी बसलेली.

जेवताना हॉटेलवाल्यानं विचारलं, "उद्या कुठं, साहेब?"

मी म्हणालो, जुना किल्ला.